हा पुतळा कुठल्या शहरातला?
(युवा शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



खेळाचा नियम एकच. पडद्यावर एखाद्या पुतळ्याचा किंवा स्मारकाचा फोटो येईल, तुम्ही शहर ओळखायचं. मोबाइल खिशात ठेवा. उत्तर बरोबर आलं तरी मी विचारणार, "कशावरून?"

पहिला सोपा आहे. दगडी खांब, शेजारी चार घोडे. नागपूरचा झिरो माइल. झालं.

आता हा काळा घोडा, वर स्वार. "फोर्ट!" असा आवाज आलाच. पण स्वाराकडे नीट बघा. हा सातवा एडवर्ड, पुतळा बसवला तेव्हा युवराज होता. 1879 मध्ये तो मुंबईला दिला अल्बर्ट सॅसून यांनी, म्हणजे बगदादी ज्यू घराण्यातल्या व्यापाऱ्याने. 1965 मध्ये पुतळा फोर्टातून हलवला, आज तो भायखळ्याच्या राणीबागेत आहे. फोर्टात 2017 पासून जो घोडा उभा आहे, त्याच्या पाठीवर कुणीच नाही. स्वार दिसला की भायखळा, पाठ रिकामी की फोर्ट. मधली 52 वर्षं तिथे घोडाच नव्हता, तरी लोक त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले. मला हे फार आवडतं.

शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी मात्र भलेभले अडकतात, कारण तो गावोगावी आहे. अशा वेळी कडेला बघायचं. नंबरप्लेट एमएच-09 म्हणजे कोल्हापूर. काळी-पिवळी टॅक्सी आहे आणि रिक्षा एकही नाही, तर दक्षिण मुंबई. मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर पडणारं शहर म्हटलं, तर सोलापूर. अर्थात फोटोत आवाज नसतो, पण दुकानांच्या पाट्या असतात.

महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर, दोघे एकाच चौकात: कोल्हापूरचा बिंदू चौक. भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने हे पुतळे 1950 मध्ये उभे राहिले. साल लक्षात घ्या, बाबासाहेब तेव्हा हयात होते. त्याच शहरात दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि तिथेच त्यांच्या काळात, 1906 मध्ये सुरू झालेलं मुस्लिम बोर्डिंग.

आता ज्याच्यासाठी मी हा खेळ घेते तो फोटो. चार पुरुष, एकत्र उभे. हे सोलापूरचे चार हुतात्मे. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. नुसती आडनावं वाचली तरी गिरणगाव डोळ्यांपुढे येतं. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांनी लष्करी कायदा लावला आणि 12 जानेवारी 1931 रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिली. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवायचे. वयाने तुमच्याएवढेच होते.

दरवर्षी जानेवारीत मला त्यांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. तोच पुतळा, पण कापलेला. बाकीचे तिघे गायब, खाली ओळ: 'आम्हीही रक्त सांडलंय.' पाठवणाऱ्याची कळ मला समजते. येताजाता कुणी "तुम्ही इथले का?" असं विचारत असेल, तर माणूस हाताला लागेल तो पुरावा पुढे करतो. पण हा कापलेला फोटो पडद्यावर लावला, तर तुमच्यातला एकही जण शहर सांगू शकणार नाही. तो कुठलाही एक माणूस होतो. चौघे दिसले की लगेच सोलापूर. त्यांना इथला ठरवायला दाखला लागत नाही, शेजारी सारडा आणि शिंदे उभे आहेत. म्हणून फोटो पाठवायचा तर पूर्ण पाठवा.

काहींना पुतळा म्हटलं की अवघडल्यासारखं होतं, घरात तसं शिकवलेलं असतं. त्यांना मी आग्रह करत नाही. त्यांनी चौथऱ्यावरची नावं वाचावीत. वाचायला कुणाची हरकत नसते, आणि खेळात निम्मे गुण नावांनाच आहेत.

पुढचा फोटो. शेतकरी आणि कामगार, दोघांच्या हातात मिळून एक मशाल. मागे कारंज्यावर एक रोमन देवी. सांगा, कुठलं शहर? आणि कशावरून?