तंबाखू नियंत्रण : कायदा आणि स्वयंसेवी कार्य



वाराणसीत पाहुण्याला पानाचा विडा देणे हा आदरातिथ्याचा अविभाज्य भाग मानला जातो. बनारसी पानाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याच शहरात मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राची दोन कर्करोग रुग्णालये आहेत. लहरतारा येथील होमी भाभा कर्करोग रुग्णालय २०१८ मध्ये, तर काशी हिंदू विद्यापीठाच्या आवारातील महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाले. वाराणसी जिल्ह्याच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमध्ये मुखाचा कर्करोग अग्रस्थानी आढळला आहे. जे हाताने प्रेमाने दिले जाते, त्यातूनच रोग पसरत असेल तर तो केवळ दंडाच्या भीतीने रोखता येईल का, हा तंबाखू नियंत्रणापुढील मूलभूत प्रश्न आहे.

परंपरा आणि व्यसन

विड्याची परंपरा प्राचीन आहे. तंबाखू मात्र पोर्तुगीजांबरोबर भारतात आली आणि सतराव्या शतकाच्या प्रारंभी मोगल दरबारात पोहोचली. जर्दा हा विड्याचा मूळ घटक नव्हे, ही गोष्ट लोकशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. परंपरेचा अवमान न करताही तंबाखूला विरोध करता येतो, हे त्यातून सांगता येते. तथापि, केवळ तंबाखू वगळल्याने विडा निर्धोक होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे.

समस्येची व्याप्ती

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे २६ कोटी ७० लाख व्यक्ती, तंबाखूचे सेवन करीत होत्या. हे प्रमाण २००९-१० मध्ये ३४.६ टक्के होते. उत्तर प्रदेशात ते ३५.५ टक्के, तर महाराष्ट्रात २६.६ टक्के आढळले. आपल्या देशात धूम्रपानापेक्षा धूरविरहित तंबाखूचा वापर अधिक आहे. उत्तरेत खैनी, सुरती व जर्दा, तर महाराष्ट्रात चुना लावून मळलेली तंबाखू आणि मशेरी ही त्याची परिचित रूपे होत. तंबाखूजन्य रोगांचा आर्थिक भार २०१७-१८ मध्ये १ लाख ७७ हजार कोटी रुपयांहून अधिक, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे एक टक्का होता.

कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे. सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादने अधिनियम २००३ मध्ये संमत झाला. त्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास, तर कलम ५ नुसार जाहिरातीस प्रतिबंध आहे. कलम ६ अन्वये १८ वर्षांखालील व्यक्तीस तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही. कलम ७ आरोग्यविषयक इशाऱ्यासंबंधी असून, वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापणारा चित्रमय इशारा १ एप्रिल २०१६ पासून बंधनकारक झाला. भारताने तंबाखू नियंत्रणविषयक आंतरराष्ट्रीय करारास फेब्रुवारी २००४ मध्ये अनुसमर्थन दिले, तर राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ मध्ये सुरू झाला. गुटख्यावर महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये आणि उत्तर प्रदेशाने एप्रिल २०१३ पासून बंदी घातली.

बंदीनंतर काय घडले, हेही लक्षात घेतले पाहिजे. अनेक ठिकाणी पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकली जाऊ लागली. दोन्ही एकत्र करण्याचे काम ग्राहकावर सोपवले गेले. १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांच्या २०१९ मधील सर्वेक्षणात ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करताना आढळले. ज्यांनी कधीतरी धूरविरहित तंबाखू घेतली होती, त्यांच्या प्रारंभाचे मध्यक वय सुमारे दहा वर्षे होते. कायदा अठराव्या वर्षापर्यंत संरक्षण देतो, व्यसन मात्र दहाव्या वर्षीच दार ठोठावते.

स्वयंसेवी संस्थांचे योगदान

नेमक्या या अंतरात स्वयंसेवी संस्थांचे कार्य उभे राहते. मुंबईत २००२ मध्ये स्थापन झालेले सलाम बॉम्बे फाउंडेशन महानगरपालिकेच्या शाळांतील मुलांमध्ये काम करते. तंबाखूचे दुष्परिणाम सांगून ही संस्था थांबत नाही. क्रीडा, कला आणि कौशल्य प्रशिक्षण यांद्वारे मुलांचा आत्मविश्वास वाढवून नकार देण्याचे बळ निर्माण करणे, हे तिचे सूत्र आहे. ग्रामीण महाराष्ट्रात शिक्षकांच्या प्रशिक्षणातून तंबाखूमुक्त शाळांची मोहीमही तिने चालवली आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांसाठी २०१९ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना दिल्या. शाळेभोवती पिवळी रेषा आखण्याचा उपक्रमही देशात अनेक ठिकाणी राबवला गेला. त्यामुळे कायद्याच्या पुस्तकातील १०० यार्ड मुलांना प्रत्यक्ष दिसू लागले.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेली 'सर्च' संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' हा जिल्हाव्यापी उपक्रम सुरू झाला. जनजागृती, गावांची संघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनींवरील उपचार ही त्याची अंगे आहेत. यात व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानले जाते.

वाराणसीसाठी बोध

वाराणसीसारख्या शहरात या अनुभवांचा उपयोग करताना पानविक्रेत्याकडे शत्रू म्हणून पाहून चालणार नाही. त्याच्या कुटुंबाचा निर्वाह त्या टपरीवर अवलंबून असतो. विडी कामगार आणि तंबाखू उत्पादक शेतकरी यांच्याबाबतही हेच खरे आहे. पर्यायी उपजीविकेचा विचार नसेल, तर नियंत्रणाचे धोरण न्याय्य ठरणार नाही आणि टिकणारही नाही. शासनाने कायदा व कर यांचा अवलंब करावा, रुग्णालयांनी लवकर निदान करावे आणि स्वयंसेवी संस्थांनी घर, शाळा व टपरी यांच्यात संवाद घडवावा, अशी ही त्रिसूत्री आहे. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी सेवा २०१६ पासून उपलब्ध आहे.

मुखाचा कर्करोग लवकर ओळखता आला तर उपचार परिणामकारक ठरतात. परंतु त्याहून स्वस्त आणि निश्चित उपाय म्हणजे पहिली पुडी मुलाच्या हाती पडू न देणे. विडा देणारा हात प्रेमाचा असतो. त्या प्रेमातून विष वगळण्याचे काम कोणताही निरीक्षक एकट्याने करू शकत नाही. ते काम समाजाने स्वतः करायचे असते; स्वयंसेवी संस्था त्याला दिशा आणि सोबत देतात.