हरल्यानंतरचा घरापर्यंतचा रस्ता

(धावणे आणि उड्या या प्रकारांचा सराव करणाऱ्या मुलामुलींच्या एका क्रीडावर्गाच्या वार्षिक पारितोषिक समारंभात केलेल्या भाषणाचा संपादित अंश.)



आज ज्यांना पदके मिळाली, त्यांचे अभिनंदन आपण सर्वांनी टाळ्या वाजवून केलेच आहे. मला बोलायचे आहे ते ज्यांची नावे आज पुकारली गेली नाहीत त्यांच्याविषयी, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या आईवडिलांशी. मी क्रीडातज्ज्ञ नाही. तीस वर्षे वृत्तपत्रात काढलेला एक पत्रकार आहे. पण या विषयावर बोलण्याचा एक अधिकार माझ्याकडे आहे, तो म्हणजे चुकलेल्या पित्याचा.

माझी मुलगी लांब उडी मारत असे. बाराव्या वर्षी ती तिच्या गटात सहज पहिली येई. चौदाव्या वर्षी तिची उंची झपाट्याने वाढली. पावलांचे अंतर बदलले, रनअपचे गणित कोलमडले, उडीमागून उडी फाऊल होऊ लागली. वर्षभर तिची उडी एक इंचाने पुढे गेली नाही. मी रोजच्या सरावाला कधी जात नसे. स्पर्धेच्या दिवशी मात्र हटकून हजर. स्पर्धा संपली की तिला स्कूटरवर मागे बसवायचे आणि घर येईपर्यंत तिच्या चुका मोजायच्या, हा माझा क्रम. एके दिवशी तिने आपले स्पाइक्स कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. कारण विचारले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाबा, हरल्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण हरल्यावर घरापर्यंतचा रस्ता नको वाटतो."

ती पुन्हा मैदानावर गेली नाही. आज ती आपल्या संसारात सुखी आहे, माझ्याविषयी तिच्या मनात कटुता नाही. पण त्या वाक्याने मला अभ्यासाला बसवले. ती दोन वर्षे काय घडत होते, हे मी नंतर समजून घेतले. समजायला उशीर झाला. तुम्हाला तो होऊ नये, एवढ्यासाठी आज इथे उभा आहे.

पहिली गोष्ट, शरीराची वाढ आपल्या वेळापत्रकाने होत नाही. सराव सुरू केला की काही आठवड्यांतच दम वाढतो, स्नायू प्रतिसाद देऊ लागतात, मुलाला वाटते आपण आता कितीही धावू शकतो. पण हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे सावकाश बळकट होतात; त्यांना महिने लागतात. उडीच्या क्षणी एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. म्हणून जाणता प्रशिक्षक मुलाला आवरतो. घरी आपण म्हणतो, "तुझे सर तुला पुढे जाऊच देत नाहीत!" सर त्याची हाडे सांभाळत असतात.

दुसरी गोष्ट वयाची. बाराव्या वर्षी जिंकणारा मुलगा पुष्कळदा इतकाच वेगळा असतो की तो इतरांआधी मोठा झालेला असतो. दोन वर्षांनी बाकीचे त्याला गाठतात आणि त्याला वाटते, आपण संपलो. मुलींच्या बाबतीत तर वयात येताना शरीराची ठेवणच बदलते. वेग आणि उडी वर्ष-दोन वर्षे थबकू शकते. हा दोष नाही, आळस नाही. ही निसर्गाची वाट आहे, आणि हा टप्पा धीराने ओलांडणाऱ्या मुली पुढे पुन्हा वेग धरतात. पण नेमक्या याच काळात आपण म्हणतो, "आता दहावी आली, पुरे झाले खेळ." मैदान रिकामे होते ते इथे.

उंच उडीचा नियम आपण कधी नीट पाहिला आहे का? सलग तीन प्रयत्न फसले की खेळाडू बाद. जो पार करतो, त्याच्यासाठी दांडी आणखी वर चढते. म्हणजे बहुतेक वेळा जिंकणाऱ्याची स्पर्धासुद्धा दांडी पडण्यानेच संपते! सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत आपल्या नाशिक जिल्ह्यातील सर्वेश कुशारे उंच उडीच्या अंतिम फेरीत पोहोचला. त्या फेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय पुरुष. त्याने २.२८ मीटर ही स्वतःची सर्वोत्तम उडी घेतली आणि सहावा आला. त्यापुढची उंची त्याला साधली नाही. शेवटच्या प्रयत्नावरून त्याचे मोल करायचे ठरवले तर तो अपयशी म्हणावा लागेल. सर्वेश शेतकऱ्याचा मुलगा. गावात उडीनंतर अंग टाकायला फोमची गादी कुठली? शेतातला भुसा भरून केलेल्या गादीवर त्याचे पहिले धडे झाले. मला त्या उडीइतकेच कौतुक ती गादी भरणाऱ्या हातांचे वाटते. मूल पडणार हे गृहीत धरून त्यांनी आधीच तयारी केली होती.

धावणे आणि उडी या दोन्हींची एकत्र कसोटी पाहणारी शर्यत म्हणजे तीन हजार मीटर स्टीपलचेस. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या. अडथळा पुरुषांसाठी ९१.४ सेंटिमीटर उंच, स्त्रियांसाठी ७६.२. साध्या हर्डलप्रमाणे तो पाय लागून आडवा होत नाही. आपटतो तो धावणाराच. या शर्यतीत महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्याने देशाला दोन रत्ने दिली. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर आणि बीडच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे.

ललिता आधी लांब पल्ल्याची धावपटू. मुंबई मॅरेथॉन गाजवल्यानंतर ती या अडथळ्यांकडे वळली. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने पदकाला मुकली होती. त्यानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय स्त्री पात्रता फेरी पार करून ऑलिंपिकच्या ट्रॅकवरील वैयक्तिक अंतिम शर्यतीत उभी राहिली. दहावा क्रमांक! शाळेच्या प्रगतिपुस्तकात तो दिसला असता तर आपण काय म्हणालो असतो?

अविनाशची कथा आपल्याला ठाऊक आहे. आईवडील वीटभट्टीवर राबणारे, शाळेसाठी रोजची मैलोगणती पायपीट, बारावीनंतर सैन्यात भरती. सियाचिन आणि राजस्थान अशा दोन टोकांना त्याची नेमणूक झाली. धावण्याकडे तो सैन्यातच वळला. मधे दुखापत झाली, वजन वाढले, ते त्याने उतरवले. सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे आणले. २०१८ मध्ये त्याने गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. वेळ होती ८ मिनिटे २९.८० सेकंदांची. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ती ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आली. म्हणजे सहा वर्षांची साधना आणि कमाई सुमारे वीस सेकंदांची! तीही एकदम नव्हे, तर पुनःपुन्हा स्वतःचाच विक्रम थोडाथोडा मोडत. या वीस सेकंदांनी काय दिले? १९९८ ते २०१८ या काळातील प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला अविनाशने ती मक्तेदारी मोडून रौप्य घेतले. सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकले. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आणि जुलै २०२५ मध्ये मोनाकोच्या शर्यतीत तो पडला, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. शिखरावरच्या माणसालाही पडणे चुकत नाही, तर तुमच्या-माझ्या घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाला ते कसे चुकेल?

मग पाठीशी उभे राहणे म्हणजे काय करणे? अंजू बॉबी जॉर्जचे उदाहरण घ्या. २००३ मध्ये पॅरिसला जागतिक स्पर्धेत ६.७० मीटर उडी घेऊन तिने कांस्यपदक मिळवले. जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतील ते भारताचे पहिले पदक. आपण एकाच मूत्रपिंडावर हे सारे केले, हे तिने २०२० मध्ये जाहीर केले. तिचे पती रॉबर्ट बॉबी जॉर्ज स्वतः तिहेरी उडीचे राष्ट्रीय विजेते. त्यांनी स्वतःची कारकीर्द बाजूला ठेवून तिच्या प्रशिक्षणाची धुरा घेतली. लांब उडीची फळी अवघी वीस सेंटिमीटर रुंद. चाळीसेक मीटर पूर्ण वेगाने धावत यायचे आणि पाऊल बरोबर त्या पट्टीवर टाकायचे. बोटभर पुढे गेले की फाऊल. वारा समोरून आला की पावले आखूड पडतात, पाठीमागून आला की लांब. अशा वेळी खेळाडूला भाषण नको असते. आपले पाऊल कुठे पडले, एवढे सांगणारी विश्वासाची नजर हवी असते.

आणि मुलांनो, असा आधार केवळ घरच्यांनी द्यायचा असतो असे नाही. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये लांब उडीच्या पात्रता फेरीत बॉब बीमनचे पहिले दोन्ही प्रयत्न फाऊल झाले. तिसराच उरला. तेव्हा त्याचा संघसहकारी आणि प्रतिस्पर्धी राल्फ बोस्टन याने त्याला सांगितले, फळीच्या बऱ्याच आधीच उडी घे. बीमन पात्र ठरला आणि दुसऱ्या दिवशी ८.९० मीटर उडी मारून त्याने जगाला थक्क केले. बोस्टनला त्या स्पर्धेत कांस्य मिळाले. आपल्या गटातल्या मित्राची पावले मोजणे, त्याच्यासाठी वाळू सारखी करणे, शेवटच्या फेरीत मागे पडलेल्याला हाक देणे, हे सारे सरावाचेच भाग आहेत.

पालकांना मी काही साध्या गोष्टी सुचवतो. एक, स्पर्धेला नाही आलात तरी चालेल, पण पंधरा दिवसांतून एकदा सरावाला या आणि कोपऱ्यात गप्प बसा. दोन, "कितवा आलास?" याऐवजी "आज काय शिकलास?" असे विचारा. तीन, घरात एक वही ठेवा. मुलाने स्वतःच रोजची धाव, झोप आणि शरीराला काय वाटले ते लिहावे. पुढे कधी निराशा आली तर सहा महिन्यांपूर्वीचे पान उघडून दाखवा. आपल्या कौतुकापेक्षा ते पान अधिक बोलेल. चार, थकवा आणि दुखापत यांतला फरक ओळखा. पोटऱ्या भरून येणे हा थकवा. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येणे, दुखण्याने चाल बदलणे, ही धोक्याची खूण आहे. तेव्हा वेदनाशामक गोळी देऊन धावायला पाठवणे हा प्रोत्साहनाच्या नावाखाली केलेला अन्याय होय. धावणाऱ्या मुलीची मासिक पाळी महिनोन्‌महिने येत नसेल, तर तो कठोर सरावाचा गौरव समजू नका. तिचा आहार अपुरा पडत असण्याचा संभव असतो, डॉक्टरांना दाखवा. आणि पाच, विश्रांतीच्या दिवसाला आळस म्हणू नका. शरीर सरावात खर्च होते आणि विश्रांतीत घडते.

मुलांनाही एकच सांगतो. मनाला उभारी रोज येणार नाही. पहाटे साडेपाचला ती बहुधा झोपलेलीच असते. तुम्ही बुटांच्या नाड्या बांधा, मैदानाला एक फेरी घाला, मग ती मागून येते. न आली तरी त्या दिवसाचा सराव वाया जात नाही.

पालकहो, आता थोड्या वेळात हा कार्यक्रम संपेल. आपण घरी निघाल. कुणाच्या हातात चषक असेल, कुणाच्या हातात नुसती पाण्याची बाटली. बाटलीवाल्या मुलांच्या आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे, आज घर येईपर्यंत एकही चूक मोजू नका. वाटेत उसाचा रस प्या, इकडच्यातिकडच्या गप्पा मारा आणि उद्याच्या सरावाला किती वाजता सोडायचे, एवढेच विचारा. माझ्या मुलीला मी ते कधी विचारले नाही.