पत्र्यातली शांतता

(रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



1969 साली मी सोळा वर्षांचा होतो. पुण्यातल्या आमच्या वाड्यात, जिन्याखालच्या जागेत मी माझा पहिला ॲम्प्लिफायर बांधला, तो गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यावर. डबा उभा कापला, पालथा घातला, वर भोकं पाडून व्हॉल्व्ह बसवले. चालू केला तेव्हा आवाज आला, पण तो गाण्याचा नव्हता. एक जड, सलग ‘घूंऽऽ’ असा आवाज, आणि त्याच्यामागे कुठेतरी दूर गाणं. मेकॅनिक लोक त्याला हमिंग म्हणतात. दोन महिन्यांचा खाऊचा पैसा आणि सगळी संध्याकाळ त्या डब्यात गेली होती. मला रडू कोसळायचंच बाकी होतं.

त्याआधी माझ्याकडे क्रिस्टल सेट होता. एक कॉइल, एक गँग कंडेन्सर, जर्मेनियमचा एक डायोड, गच्चीवर बांधलेली एरियलची तार आणि कानाला लावायचा हेडफोन. ना बॅटरी, ना वीज. पुणे केंद्र त्यावर स्वच्छ ऐकू यायचं, पण ते माझ्या एकट्याच्या कानात. माझी आजी शेजारी बसून विचारायची, “काय लागलंय रे?” आणि मी तिला सांगायचो. तिच्या कानाला हेडफोन टोचायचा. तो आवाज खोलीभर व्हावा, तिला बसल्या जागी ऐकू यावा, एवढ्यासाठी मला ॲम्प्लिफायर हवा होता.

सर्किट तीन व्हॉल्व्हचं होतं: ईसीसी 83, ईएल 84 आणि ईझेड 81. ही नावं म्हणजे एक भाषाच आहे. पहिलं अक्षर ई, म्हणजे आतली तार तापवायला 6.3 व्होल्ट लागतात. दोनदा सी, म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड. एल म्हणजे स्पीकरला ताकद देणारा व्हॉल्व्ह. झेड म्हणजे एसीचं डीसी करणारा. आकड्यातला 8 म्हणजे खाली नऊ पिना. माझा ईएल 84 बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झालेला होता. तिथे 1961 पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले होते, आणि आपल्या देशात बनलेला व्हॉल्व्ह आपल्या हातात आहे याचं मला फार अप्रूप होतं.

आमच्या वाड्यात पुढच्या खोलीत एक रेडिओ मेकॅनिक राहायचे. आम्ही सगळी मुलं त्यांना काका म्हणायचो. मी त्यांना बोलावून आणलं. त्यांनी सर्किटचा कागद मागितला नाही. डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, “हा पन्नासचा आहे, शंभरचा नाही.”

याचा अर्थ सांगतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. तिचं डीसी करताना ईझेड 81 दोन्ही बाजूंचे हेलकावे वापरतो, म्हणून फिल्टरचा कंडेन्सर कमकुवत असेल तर जो आवाज उरतो तो शंभरचा असतो, जरा वरच्या पट्टीतला. पन्नासचा आवाज त्याच्या बरोबर एक सप्तक खाली. तो ऐकू आला, म्हणजे फिल्टर ठीक आहे आणि एसी कुठूनतरी थेट आत शिरतेय. काकांनी वीज बंद केली, कंडेन्सर रिकामे केले, तिन्ही व्हॉल्व्ह उपटून माझ्या हातात दिले आणि फक्त ट्रान्सफॉर्मर चालू केला. सगळे व्हॉल्व्ह बाहेर, आणि तरी स्पीकरमध्ये बारीक ‘घूं’ चालूच! मी अवाक झालो. काका म्हणाले, “सर्किट बरोबर आहे तुझं. डबा चुकलाय.”

श्रोतेहो, आज मला जे सांगायचं आहे ते त्या एका वाक्यात आलं. ज्या पत्र्याच्या पेटीवर ॲम्प्लिफायर उभा राहतो तिला चॅसी म्हणतात. सर्किटच्या कागदावर ती जमिनीची खूण म्हणून दाखवतात, तीन आडव्या रेघा, बस. त्यामुळे नवशिक्याला वाटतं की चॅसी म्हणजे नुसतं पाट-चौरंगासारखं काहीतरी, वस्तू ठेवायला. तसं नाही. चॅसी हा सर्किटचाच भाग आहे. आवाज मोठा करायचं काम व्हॉल्व्हचं, पण त्या आवाजाच्या मागे जी शांतता लागते, ती पत्र्यातून घडवावी लागते.

माझ्या डब्यात दोन चुका होत्या. पहिली म्हणजे, विजेचा ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मी शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसवले होते, तेही लोखंडी पत्र्यावर. लोखंड चुंबकीय बलरेषांना वाट करून देतं. एका ट्रान्सफॉर्मरमधून निसटलेलं चुंबकत्व पत्र्यातून चालत दुसऱ्यात जाऊन बसत होतं. व्हॉल्व्ह काढल्यावरही उरलेला आवाज तो हाच.

दुसरी चूक मोठी होती. व्हॉल्व्ह तापवायच्या विजेची एक बाजू मी तारेनं नेली आणि परतीसाठी डबाच वापरला, तेवढीच तार वाचली म्हणून. तीन व्हॉल्व्हना मिळून 2 अँपिअरहून जास्त करंट लागतो. तो सगळा करंट डब्याच्या पत्र्यातून परत जात होता आणि वाटेत पत्र्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिलिव्होल्टभर फरक पाडत होता. मिलिव्होल्ट म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. पण ईसीसी 83 मधला प्रत्येक ट्रायोड सहज पन्नास पट मोठं करतो. एकामागून एक दोन झाले की 2500 पट. म्हणजे एका मिलिव्होल्टचे अडीच व्होल्ट! ईएल 84 ला पूर्ण जोरात चालायला 4 व्होल्टच्या आसपास पुरतात. मग गाण्यासाठी जागा कुठली उरणार?

काकांनी सांगितलं, “नवी चॅसी कर. ॲल्युमिनियमची. आणि भोक पाडायच्या आधी आठ दिवस नुसता कागदावर मांड.”

मी आलेखाच्या कागदावर बारा इंच बाय आठ इंचांचा आयत आखला आणि त्यावर प्रत्यक्ष वस्तू मांडून पाहू लागलो. विजेचा ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, रेडिओचा सिग्नल आत येण्याची जागा अगदी विरुद्ध टोकाला. मधे आवाजाची वाट सरळ, मागे न वळणारी. ईएल 84 अंगठ्याएवढा दिसतो, पण तापणारी तार धरून त्यातून 16 वॅटहून जास्त उष्णता बाहेर पडते. कंडेन्सर त्याच्याजवळ ठेवला तर वाळून अकाली मरतो. म्हणून त्याला मोकळी जागा, आणि भोवती हवेसाठी छोटी भोकं.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरची जागा मात्र कागदावर ठरत नाही. ती कानांनी ठरवायची असते. काकांनी ती युक्ती शिकवली आणि मी ती आजवर कितीतरी मुलांना शिकवली आहे. पत्र्यावर विजेचा ट्रान्सफॉर्मर पक्का करायचा, त्याच्या बाकीच्या तारांची टोकं नीट झाकायची आणि तेवढाच चालू करायचा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर सुटा ठेवून त्याच्या स्पीकरच्या बाजूला हेडफोन जोडायचा. मग हेडफोन कानाला लावून तो ट्रान्सफॉर्मर पत्र्यावर हळूहळू फिरवायचा. ‘घूं’ वाढतो, कमी होतो, आणि एका कोनात, बहुतेक वेळा दोघांचे गाभे काटकोनात आले की, जवळजवळ नाहीसाच होतो. तिथे पेन्सिलीनं खूण करायची. तो क्षण मला अजून आठवतो. मी शांतता शोधत होतो आणि ती मला एका ठरावीक जागी, पत्र्यावरच्या चार इंचांत सापडली.

पत्रा बोहरी आळीतून आणला, 16 गेजचा, म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर जाडीचा. वरचा भाग बारा बाय आठचा आणि चारी बाजूंच्या भिंती अडीच इंचांच्या, म्हणून सतरा बाय तेराचा तुकडा. गुण्या लावून रेघा मारल्या. जिथे दोन घड्या मिळतात तिथे कोपऱ्यात एक बारीक भोक आधी पाडायचं, मग कोपऱ्याचे चौकोन कापायचे. ते भोक नसेल तर वाकवताना पत्रा तिथूनच फाटतो.

भोकं पत्रा सपाट असतानाच पाडून घ्यायची. सेंटर पंचचा एक ठोका, मग बारीक ड्रिल, वर रॉकेलचे दोन थेंब, म्हणजे ॲल्युमिनियम ड्रिलला चिकटत नाही. व्हॉल्व्हच्या सॉकेटसाठी साधारण 22 मिलिमीटरचं भोक लागतं. एवढं मोठं भोक पाडायचा पंच माझ्याकडे नव्हता. कंपासनं वर्तुळ काढलं, आतून कडेकडेनं बारीक भोकांची माळ पाडली, मधली चकती काढली आणि अर्धगोल कानशीनं घासत रेघेपर्यंत आलो. तीन भोकांना तीन संध्याकाळी लागल्या. घाई केली की कानस रेघेच्या बाहेर जाते, आणि कापलेला पत्रा पुन्हा जोडला जात नाही.

वाकवायला मी रविवार पेठेतल्या एका ट्रंका बनवणाऱ्या मामांकडे गेलो. त्यांनी पत्रा दोन लोखंडी अँगलमध्ये आवळला, घडीवर लाकडाची फळी ठेवली आणि लाकडी हातोड्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे ठोके देत नेले. एकाच जागी जोरात मारलं की पत्रा तिथे ताणला जातो आणि पुढे सरळ होत नाही. मी मजुरी विचारली तर म्हणाले, “वाजला की ऐकायला बोलाव.”

आता जोडणी. ॲल्युमिनियमला साधा डाख लागत नाही, कारण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. म्हणून पत्रा खरवडून, दातेरी वॉशर घालून, स्क्रूखाली सोल्डरचा टॅग कसायचा. या वेळी व्हॉल्व्ह तापवायच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून, कोपऱ्याकोपऱ्यानं नेल्या. परतीचा करंट पत्र्यातून कुठेच जाऊ दिला नाही. सगळ्या परतीच्या तारा एका जाड तांब्याच्या तारेवर घेतल्या आणि ती तार चॅसीला एकाच ठिकाणी, सिग्नल आत येतो तिथे जोडली. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची तार मात्र थेट चॅसीला, वेगळ्या बोल्टनं, घट्ट. ती तार जिवाची आहे.

इथे तरुण श्रोत्यांना कळकळीनं सांगतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये साठून राहतं. मी एकदा बंद सेटमध्ये हात घातला आणि भिंतीवर फेकला गेलो. काकांनी तेव्हापासून दोन नियम घालून दिले: कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामा करून मीटरनं तपासल्याशिवाय बोट लावायचं नाही, आणि चालू सेटवर मोजमाप करताना एक हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे विजेला छातीतून वाट मिळत नाही. शिकवणारं कुणी जवळ नसेल तर व्हॉल्व्हनं सुरुवात करूच नका. 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर बांधा. पत्रा तोच, कानस तीच, जमिनीच्या तारेचे नियमही तेच.

नवी चॅसी पुरी झाली त्या संध्याकाळी काका आले, ट्रंकवाले मामा आले. आजीला खुर्ची दिली. मी क्रिस्टल सेटची तार काढून ठेवली, आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं आणि वीज चालू केली. अर्धं मिनिट गेलं. व्हॉल्व्ह लाल झाले. स्पीकरमधून काही नाही. आजी म्हणाली, “बिघडलं का रे?” काका स्पीकरला कान लावून उभे होते. ते म्हणाले, “नाही आजी, जमलं.”

मग मी बटण खाली आणलं, तार जोडली, आणि पुणे केंद्राचा निवेदक आमच्या खोलीत बोलू लागला. त्याच्या दोन वाक्यांमधली जागा पूर्ण मोकळी होती. तिथे त्यानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. आजी मला काहीच विचारत नव्हती. ती थेट त्याचंच ऐकत होती.

ती चॅसी अजून माझ्याकडे आहे. व्हॉल्व्ह बदलले, कंडेन्सर दोनदा बदलले, पण पत्रा तोच. आज बोटाएवढ्या बोर्डावर तयार ॲम्प्लिफायर मिळतो आणि तो चांगला वाजतो. तरीही आपल्या घरातल्या मुलांच्या हातात एकदा तरी एक पत्रा, एक गुण्या आणि एक कानस द्या. रेघ मारून, त्या रेघेपर्यंत सावकाश घासत येण्याची सवय लागली की पुढे ती मुलं काहीही बांधोत, नीट बांधतील.