आज्ञापत्रातील राजा आणि वतनदार

रामचंद्रपंत अमात्य यांचे ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीवरचा मराठीतील मोलाचा ग्रंथ 1715 च्या सुमारास सिद्ध झाला. पंतांनी शिवछत्रपतींच्या काळापासून कारभार पाहिला होता. राजाराम महाराज जिंजीला गेल्यावर ‘हुकूमतपनाह’ म्हणून राज्य सांभाळताना त्यांना निष्ठा आणि फितुरी दोन्ही जवळून दिसल्या. म्हणूनच वतनदारांवरचे प्रकरण विलक्षण धारदार उतरले आहे. वतनदार हा लहानसा राजाच. असलेल्यावर त्याचे समाधान नसते, आणि परचक्र आले की वतनासाठी तो शत्रूला आधी जाऊन भेटतो. त्याला दयेने सांभाळावे, पण मोकळा सोडू नये, असा पंतांचा सल्ला.

फ्लॉरेन्सच्या मॅकियाव्हेलीने 1513 मध्ये ‘द प्रिन्स’ लिहिताना माणसाच्या स्वार्थाकडे असेच थेट पाहिले होते. दुर्गांविषयी मात्र दोघांची मते वेगळी. प्रजेचा द्वेष नसणे हाच मॅकियाव्हेलीला उत्तम किल्ला वाटला. पंतांच्या लेखी दुर्ग हेच राज्याचे सार, कारण औरंगजेबाच्या दीर्घ स्वारीत राज्य तगले ते किल्ल्यांच्या आधाराने. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला धन्याच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, ही आज्ञाही याच ग्रंथातली.