खोडदच्या माळावरील शांतता



दुर्बीण म्हटली की भिंग आणि काळोखी रात्र आठवते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे उभ्या असलेल्या ‘जीएमआरटी’ला या दोहोंची गरज नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ती दिवसाही टिपते, ढगांआडूनही टिपते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. १४ मध्यभागी एकवटलेल्या आणि १६ तीन बाहूंवर, गावाशिवारांतून पसरलेल्या.

एवढ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या करायच्या तर वारा पेलणारा सांगाडाच परवडला नसता. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी पोलादी तारांची जाळी ताणून बसविली. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी आरशासारखी भासते, वारा मात्र आरपार जातो. याच कल्पक पुरुषाने १९७० मध्ये उटी येथे, अक्षांशाइतकाच उतार असलेला डोंगर शोधून त्यावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली होती. आपल्या ऐपतीतून वाट काढण्याची ही बुद्धी उसनी आणता येत नाही.

पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही वेधशाळा चालविते. देशोदेशींचे शास्त्रज्ञ वर्षातून दोनदा प्रस्ताव पाठवितात आणि गुणवत्ता पाहून वेळ दिला जातो. २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या मंद स्पंदनांचे जे पुरावे जाहीर झाले, त्यांत येथील वेधांचाही वाटा होता.

परंतु खरी कसोटी आहे ती शांततेची. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येणारा क्षीण संकेत जवळच्या मोबाईलपुढे, विजेच्या तारेवरील ठिणगीपुढेही बुडून जातो. म्हणून वेधशाळेला शेजारच्या वीजवाहिन्यांवर, मनोऱ्यांवर डोळा ठेवावा लागतो. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेची आखणी या परिसरातून होती. दुर्बिणीला बाधा येईल म्हणून रेल्वे मंत्रालयाने ती बाजूला ठेवली. जुन्नर, आंबेगावच्या लोकांना याचे वाईट वाटले, आणि ते स्वाभाविक आहे. कांदा-टोमॅटो पिकविणाऱ्याने आकाशगंगेसाठी रेल्वे का सोडावी? हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकणे हा उद्दामपणा ठरेल. त्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी शेतकऱ्याच्या भाषेत, त्याच्या बांधावर जाऊन दिले पाहिजे.

त्याची एक वाट खोडदनेच दाखविली आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी वेधशाळेची दारे सर्वांना उघडी असतात. शाळाशाळांची मुले स्वतः केलेले प्रयोग मांडतात, आसपासच्या गावांतील आयाबाया लेकरांना घेऊन येतात, आणि शास्त्रज्ञ मंडळी त्या प्रचंड जाळीखाली उभी राहून प्रश्नांची उत्तरे देतात. एरवी पाहुण्याला पहिली विनंती एकच असते: मोबाईल बंद ठेवा. ती का, हे समजून घरी गेलेले पोर आपल्या वाडीत ते चार जणांना सांगते.