कोठीची रेसिडेन्सी : वास्तू आणि बाग



हैदराबादच्या कोठी भागातील जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी पाहावयास जाणाऱ्या मराठी माणसाने प्रथम खर्ड्याचे स्मरण करावे. १७९५ साली तेथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या पराभवाने धास्तावलेल्या दरबाराने १७९८ मध्ये इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि रेसिडेंटाचे प्रस्थ वाढत गेले. या प्रासादाच्या पायात असा एक दगड आपल्याही इतिहासाचा आहे.

रेसिडेंट जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक याने १८०३ च्या सुमारास मुसी नदीच्या उत्तर तीरावर बांधकाम आरंभिले. आराखडा लेफ्टनंट सॅम्युअल रसेल याचा, खर्च निजामाचा. मोठ्या कागदावरचा नकाशा पाहून निजामाने नकार दिला, तोच लहानशा कागदावर काढून आणताच त्याने संमती दिली, अशी आख्यायिका आहे.

दर्शनी भागी उत्तुंग स्तंभ, रुंद पायऱ्या आणि दोन बाजूंस दगडी सिंह. हे वैभव पाहून डोळे दिपतात. मन मात्र मागील जनानी बागेत रेंगाळते. कर्कपॅट्रिकची पत्नी खैरुन्निसा तेथील रंगमहालात राहत असे. पडद्यामुळे तिला दर्शनी बाजू पाहता येईना, म्हणून त्याने प्रासादाची लहान प्रतिकृती बागेत उभारली, असे परंपरा सांगते. १८०५ मध्ये त्यांची दोन्ही मुले विलायतेस रवाना झाली आणि त्याच वर्षी कर्कपॅट्रिक कलकत्त्यास मृत्यू पावला. मुलांची व मातेची पुन्हा भेट झाली नाही. १८१३ मध्ये तीही गेली. पुढे रंगमहाल पाडला गेला. प्रतिकृती तेवढी उरली.

१९४९ मध्ये या वास्तूत उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय आले. ज्या पायऱ्या घरच्या स्वामिनीस दुर्लभ होत्या, त्या असंख्य विद्यार्थिनी चढल्या. तथापि छते गळत राहिली, भिंती खचत गेल्या. २००२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. त्यानंतर दीर्घकाळ जीर्णोद्धाराचे काम चालले.

ग्रंथालयासही हेच लागू आहे. वाळवीपासून पोथी राखावी लागतेच. पण ती उघडणारा वाचक नसेल, तर राखलेली पोथी बागेतल्या त्या प्रतिकृतीसारखी एकाकी उभी राहते. शंभर वर्षे या संस्थेचे दार वाचकांनी उघडे ठेवले आहे. पुढील पिढीनेही त्या पायऱ्या चढाव्यात, एवढीच प्रार्थना.