थांबलेल्या गाडीचा दिवा

कार्तिक उलटला की वैनगंगेच्या खोऱ्यातील रस्ते धानाचे होतात. बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील लालबर्रा हे गावही त्यास अपवाद नाही. ज्या जिल्ह्याच्या चिन्नोर या सुवासिक तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तोच हा जिल्हा. मळणी आटोपली म्हणजे पोती आणि तणस यांची ने-आण सुरू होते. कुणाची गाडी खरेदी-केंद्राकडे निघते, तर कुणाची गोंदियाच्या गिरण्यांकडे. पूर्वी हे काम बैलगाडी करी आणि रात्री तिच्या तळाशी एक कंदील लोंबत असे. त्या कंदिलाच्या उजेडात बैलांना वाट दिसत नसे, आणि गाडीवानालाही त्याचा फारसा उपयोग नसे. पुढे गाडी आहे एवढे मागून येणाऱ्यास कळावे, हेच त्याचे प्रयोजन होते.

आज बैलगाडीची जागा पिकअप गाडीने घेतली आहे. कंदिलाचे प्रयोजन मात्र तसेच राहिले आहे. किंबहुना वेगामुळे ते अधिकच निकडीचे झाले आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. पुढे काही उभे आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड-दोन सेकंद सहज जातात. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच २५ ते ३३ मीटर रस्ता मागे पडलेला असतो. रस्त्याच्या कडेला टायर बदलणाऱ्या मनुष्याचा जीव त्या दोन सेकंदांवर अवलंबून असतो. म्हणूनच आपल्या गाडीच्या टपावर लुकलुकणारे दिवे असावेत, असे एखाद्या चालकास वाटले तर त्याची इच्छा रास्तच म्हणावी लागेल.

अनेक पिकअप गाड्यांच्या टपावर पुढील बाजूस लहान दिवे आधीपासूनच बसविलेले असतात. पार्किंगचे दिवे लावले की तेही स्थिरपणे जळतात. संकटसमयी हेच दिवे लुकलुकावेत, एवढीच चालकाची मागणी असते. स्थिर दिवा दुरून पाहणाऱ्याला घराचा, दुकानाचा किंवा चालत्या वाहनाचाही वाटू शकतो. लुकलुकणारा दिवा मात्र लगेच लक्ष वेधून घेतो, कारण नजरेच्या कडेलाही बदल चटकन जाणवतो.

दिव्याला लुकलुकविणाऱ्या उपकरणास फ्लॅशर म्हणतात. जुन्या फ्लॅशरमध्ये दोन भिन्न धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असे. विद्युतप्रवाहाने ती तापे. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नसल्यामुळे ती वाके आणि प्रवाह तुटे. थंड होताच ती पुन्हा सरळ होई आणि दिवा उजळे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील जॉन हॅरिसन यांनी आपल्या सागरी घड्याळात अशी पट्टी योजिली होती. हवामान बदलले तरी घड्याळाने वेळ चुकवू नये, हा तिचा हेतू होता. दर्यावर्दी लोकांस वाट दाखविणाऱ्या घड्याळातील ती युक्ती पुढे मोटारगाडीच्या दिव्यांत आली. हल्लीचे फ्लॅशर बहुधा इलेक्ट्रॉनिक असतात. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणे ही दिशादर्शक दिव्यांसाठी सर्वमान्य झालेली गती आहे. इशाऱ्याच्या दिव्यासही तीच योग्य.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. नवशिका माणूस प्रथम एक चूक हमखास करतो. फ्लॅशरमधून निघालेली तार तो टपावरील दिव्यांच्या तारेस सरळ जोडून देतो. ती तार पार्किंगच्या तारेशी आधीच जोडलेली असते. त्यामुळे फ्लॅशरचा प्रवाह उलट वाटेने मागील दिव्यांत आणि मीटरच्या दिव्यांतही शिरतो. सारी गाडीच लुकलुकू लागते, किंवा फ्यूज उडतो. अशा वेळी जाणता मिस्त्री म्हणतो, “भाऊ, एका घरात दोन दारांनी पाणी सोडलं, तर ते तिसऱ्या दारानं बाहेर पडणारच. आधी एक दार लावा, मग दुसरं उघडा.”

दार लावण्याचे हे काम पाच पिनांचा रिले करतो. टपावरील दिव्यांची तार मूळ जोडणीपासून सोडवून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेस जोडावी. पार्किंगकडून येणारी तार ‘८७ ए’ या पिनेस द्यावी. रिले निद्रिस्त असताना ३० आणि ‘८७ ए’ एकमेकांस जोडलेल्या असतात. त्यामुळे दिवे पूर्वीप्रमाणे स्थिर जळत राहतात. फ्लॅशरची बाहेर जाणारी तार ८७ या पिनेस जोडावी. ८५ आणि ८६ या रिलेच्या वेटोळ्याच्या पिना होत. त्यांपैकी एक गाडीच्या सांगाड्यास, म्हणजे मिस्त्री ज्यास ‘अर्थ’ म्हणतात त्यास, जोडावी आणि दुसरी बटणास. बॅटरीपासून निघालेली तार फ्यूजमधून बटणापर्यंत आणावी आणि बटणातून फ्लॅशर व रिले या दोहोंस द्यावी. फ्लॅशरला तिसरी पिन असल्यास तीही अर्थला जोडावी. बटण दाबताच रिले पार्किंगचे दार लावतो आणि फ्लॅशरचे उघडतो. बॅटरीतून प्रवाह थेट घेतल्यामुळे चावी काढलेली असली तरी इशारा चालू राहतो. बंद पडलेल्या गाडीस हेच हवे असते.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. तो दूर असला आणि बॅटरी व फ्यूज यांच्या मधली तार घासून पत्र्यास लागली, तर तिला थांबविणारे कोणीच उरत नाही आणि गाडीस आग लागू शकते. टपावर ५ वॅटचे ५ बल्ब असतील तर एकूण २५ वॅट झाले. १२ व्होल्टच्या गाडीत त्यांस सुमारे २ अँपिअर प्रवाह लागतो. ५ अँपिअरचा फ्यूज आणि १ चौरस मिलिमीटरची तार यास पुरेशी होते. मोठ्या ट्रकांत बहुधा २४ व्होल्टची व्यवस्था असते. तेथील फ्लॅशर व रिले येथे चालत नाहीत. तार जेथे पत्र्यातून जाते तेथे रबरी कडी बसवावी, आणि पावसाचे पाणी आत उतरणार नाही असे छिद्र बुजवावे. अर्थची जागा रंग खरवडून उघडी केलेली असावी. दिवे मंद जळण्याची तक्रार पुष्कळदा याच एका हलगर्जीपणातून उद्भवते. ज्या नव्या गाड्यांतील दिव्यांचे नियंत्रण संगणकीय पेटीकडे असते, तेथे तारा कापण्यापूर्वी उत्पादकाच्या अधिकृत कारागिरास विचारणे हिताचे.

बल्बऐवजी एलईडी दिवे बसविले असतील तर आणखी एक अडचण येते. ते इतका अल्प प्रवाह घेतात की जुन्या फ्लॅशरची पट्टी तापतच नाही, आणि दिवे न लुकलुकता नुसते जळत राहतात. अशा वेळी दिव्यांच्या भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा. रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी एलईडीमुळे वाचते हा त्यांचा मोठाच गुण आहे.

एवढे सारे नीट जमले, तरी एक प्रश्न उरतोच. धानाची पोती किंवा तणस कॅबिनपेक्षा उंच रचले असेल, तर टपावरील दिवे मागून येणाऱ्यास दिसतील काय? मुळीच दिसणार नाहीत. समोरून येणारा सावध होईल आणि मागून येणारा मात्र अंधारात राहील. भार उंच असणाऱ्या गाडीस मागील आडव्या दांडीवर दोन दिवे हवेतच. तेही त्याच फ्लॅशरवर चालविता येतात. मात्र एकूण वॅटचा हिशेब पुन्हा करावा लागतो. शिवाय परावर्तक त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवावा. दिवा अति प्रखर असला तर त्याच्या झगमगाटात गाडीजवळ वाकलेला माणूसच दिसेनासा होतो, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

कायद्याचाही विचार करणे प्राप्त आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. म्हणून नवे दिवे बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे. त्याच अधिनियमाचे कलम १२२ धोका उत्पन्न होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभे ठेवण्यास मनाई करते. तेव्हा दिवा लागला म्हणून रस्त्याच्या मधोमध थांबण्याची मुभा मिळत नाही. रंगाच्या बाबतीत तर संदेहच नको. लाल आणि निळे लुकलुकते दिवे रुग्णवाहिका, अग्निशामक दल, पोलीस अशा तातडीच्या सेवांसाठी राखलेले आहेत. मालवाहू गाडीने अंबर, म्हणजे पिवळसर केशरी, रंगावर समाधान मानावे.

लाल दिव्याची कहाणी या संदर्भात बोधप्रद आहे. दीर्घकाळ तो दिवा भारतात अधिकाराचे चिन्ह होऊन बसला होता. ज्याच्या टपावर दिवा, त्यास वाट. अशी जनतेची समजूत झाली होती. १ मे २०१७ पासून केंद्र शासनाने मंत्री आणि अधिकारी यांच्या गाड्यांवरील असे दिवे काढून टाकले. धोक्याचे चिन्ह मोठेपणासाठी वापरले की त्याचा अर्थ पुसट होत जातो आणि खऱ्या रुग्णवाहिकेसही लोक वाट देईनासे होतात.

पिवळ्या दिव्याचीही अशीच गत होऊ शकते. चौकातून सरळ जावयाचे म्हणून, पावसात गाडी चालवीत असताना, किंवा वरातीत हौसेखातर पुष्कळ चालक चारही दिवे लुकलुकवितात. मागच्यास मग कळत नाही की पुढची गाडी थांबली आहे, वळते आहे, की नुसती मिरवते आहे. चालत्या गाडीवरील खोटा इशारा दहा वेळा पाहिलेला मनुष्य अकराव्या वेळी उभ्या गाडीवरील खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतो. त्या अकराव्या गाडीजवळ कोणीतरी टायर बदलीत बसलेले असते.

सिवनीच्या रस्त्यावर पौषातील धुक्यात एखादी धानाची गाडी बंद पडते. चालक ती कडेला घेतो, बटण दाबतो, त्रिकोण घेऊन मागे चालत जातो आणि मगच जॅक हाती घेतो. दुरून येणारा ट्रक आपला वेग उतरवितो. त्या दोघांची ओळख नसते, आणि पुढेही होत नाही. चाक बसल्यावर चालकाने त्रिकोण आठवणीने उचलावा आणि बटणही आठवणीने बंद करावे.